तारवलीच्या सर्फ दुकानाला मदत न करण्याबाबत

दिनांक : १ सप्टेंबर २०२५
स्थळ : दिल्ली छावणी

प्रति,
मा. उपसंचालक (स्थानिक लघुव्यवसाय),
राष्ट्रीय सागरकिनारा क्रीडा प्रोत्साहन मंडळ,
सहावा मजला, नवी दिल्ली.

अर्जदार : सौ. द्वारका खंडेराव तांडेल, मौजे तारवली, जि. सिंधुदुर्ग. सध्या मुक्काम द्वारा सुभेदार सुजय मोर्जे (अर्जदाराचा भाऊ), दिल्ली छावणी.

विषय : तारवली किनाऱ्यावरील स्थानिक सर्फ दुकानांना मंडळाने देऊ केलेली मदत तातडीने थांबवून दुकाने आहेत तिथे राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) मंडळाची ‘आपला किनारा, आपले दुकान’ ही योजना. २) मंडळाच्या सभागृहात जुलैमध्ये झालेले प्रात्यक्षिक. ३) जागा रिकामी करण्याची नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की हा अर्ज मराठीत लिहिला आहे. आपण स्वतः मराठी, लक्ष्मीबाई नगरात राहता, आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझ्याशी मराठीतच बोललात, म्हणून हे धाडस केले. इतर अधिकाऱ्यांसाठी हिंदी प्रत माझी भाची राजनंदिनी हिने तयार केली आहे. तिचा जन्म दिल्लीचा, त्यामुळे ‘ओहोटी’ म्हणजे काय ते तिला आधी समजावून सांगावे लागले. ओहोटी तिला एका दुपारीत समजली, यावरून समजणे अशक्य नाही हे आपल्या निदर्शनास आणते.

१. तारवलीच्या सुरूच्या बनाकडेला आमचे सर्फचे दुकान आहे. लाटेवर उभे राहण्याच्या फळ्या भाड्याने देणे, त्या दुरुस्त करणे व येणाऱ्यांना शिकवणे हा आमचा व्यवसाय. शिकवण्याचे काम कन्या अक्षता करते, दुरुस्ती यजमान खंडेराव करतात, आणि फळी कोणाला द्यायची नाही हे मी ठरवते. शेजारी बाळ मयेकर व इंद्रजित पारकर यांची अशीच दोन दुकाने आहेत. गिऱ्हाइकावरून आम्हा तिघांची वर्षभर भांडणे चालतात आणि ती गावाला पाठ आहेत. मात्र पाणी वाईट दिसले की तिघांपैकी कोणीही एकाने लाल फडके वर चढवले, तर उरलेले दोघे काही न विचारता दुकान बंद करतात. त्या दिवशी भांडण होत नाही.

२. स्थानिकांच्या मालकीच्या दुकानांना मंडळ आधार देणार, किनाऱ्यावरची जागा त्यांच्या नावे पक्की करणार, असे वाचनात आल्यावरून तिन्ही दुकानांसाठी मी अर्ज केला. त्यावर मंडळाने किनाऱ्यावर येऊन पाहणी करायची होती. परंतु समुद्राकडे जाण्याच्या दौऱ्याला मंजुरी मिळाली नाही, सबब समुद्राकडचे जे काही असेल ते अर्जदाराने दिल्लीत आणून दाखवावे असे पत्र आले. पावसाळ्यात आमची दुकाने बंदच असतात, म्हणून मी निघाले.

नऊ फुटी फळी रेल्वेने निजामुद्दीनला आणणे सोपे नाही. डब्यातल्या एका गृहस्थांना ती इस्त्रीचे टेबल वाटली. तिकीट तपासनिसांनी तिचे तिकीट मागितले, आणि छावणीच्या फाटकावरच्या जवानाने ती आडवी, उभी व उलटी करून पाहिली. तो साताऱ्याकडचा निघाला. त्याने शेवटी एवढेच विचारले की मावशी, ही घेऊन इथे कुठे जाणार?

३. आता प्रात्यक्षिकाविषयी, कारण सर्व अनर्थ तिथून सुरू झाला. आमच्या धंद्याची रीत अशी की पहिला धडा कोरड्या वाळूवर द्यायचा. फळी वाळूत ठेवायची, तीवर पालथे पडायचे, हातांनी पाणी मारल्यासारखे करायचे, छाती उचलायची आणि एका उडीत पाय आडवे रोवून उभे राहायचे. वाळूवर हे सगळ्यांना जमते. जमावे म्हणूनच ते वाळूवर करतात. खरा धडा पुढे पाण्यात असतो आणि तिथे पहिले काही दिवस कोणालाच जमत नाही.

मंडळाच्या सभागृहात वाळू नव्हती, गालिचा होता. मी फळी गालिच्यावर ठेवून पहिला धडा दाखवला. योजनेच्या समितीच्या अध्यक्षा प्रज्ञा मॅडम साडी खोचून पुढे आल्या आणि उभ्या राहिल्या. मग सर्वांनीच बूट काढले. आपण दुसऱ्याच प्रयत्नात उभे राहिलात, दोन्ही हात पसरून, चेहरा खुलून गेला होता. आपल्याला असे कोणी पूर्वी पाहिले नसावे, कारण आपला शिपाई चहा द्यायचे विसरून बघत राहिला. त्या हर्षात वित्त विभागाचे एक साहेब म्हणाले, “अरे, यह तो बिल्कुल आसान है. इसमें समंदर की जरूरत ही क्या है?”

सगळे हसले. मीही हसले. मला तो विनोद वाटला.

नंतर आपणा सर्वांना सर्फिंग येत असल्याची प्रमाणपत्रे छापून आली. प्रशिक्षक म्हणून सही माझी लागत होती. शेजाऱ्याला कौतुकाने पदार्थाची वाटी द्यावी तशी मी ती प्रत्येकावर केली.

४. पुढच्या महिन्यात इतिवृत्त आले. वित्त विभागाच्या साहेबांचे वाक्य त्यात निर्णय क्रमांक एक म्हणून आहे. समुद्र ही बाब ऐच्छिक ठरवण्यात आली असून, योजनेखालचे पहिले स्थानिक दुकान गुरुग्राम येथील एका उंच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मंजूर झाले आहे. दुकानाचे नाव ‘तारवली सर्फ शॉप’.

हे दुकान मी स्वतः मेट्रो व पुढे टॅक्सी करून पाहून आले. आत वाळू पसरली आहे, मोठ्या पंख्याने वारा सोडला आहे आणि भिंतीतल्या स्पीकरमधून लाटा येतात. लाट कधी चुकत नाही, कारण ती तीच लाट पुन्हा पुन्हा आहे. रहिवासी फळ्या काखेत मारून लिफ्टने येतात, वाळूवर उभे राहतात, फोटो काढतात आणि लिफ्टने परत जातात. व्यवस्थापक नीरज म्हणून आहेत, सभ्य मनुष्य. त्यांनी मला विचारले की या क्षेत्रातला काही अनुभव आहे का. मी तारवलीची आहे हे सांगितल्यावर ते म्हणाले की अच्छा, म्हणजे असे गाव खरोखर आहे. नाव त्यांना लोकल वाटले म्हणून घेतले होते. तिथल्या एका बाईंनी तारवलीचा समुद्रही असाच असतो का, असे विचारले. साधारण असाच, फक्त ओला, असे मी सांगितले.

इथवर माझी तक्रार नव्हती. माणसांनी गालिच्यावर, वाळूवर, वाटल्यास गच्चीवर उभे राहावे, त्यात कोणाचे काही जात नाही. मी सामान बांधून घरी निघणारही होते.

५. तेवढ्यात आमच्या तिन्ही दुकानांना नोटीस आली. आम्ही योजनेत नापास झालो आहोत, सबब घटस्थापनेपूर्वी जागा रिकामी करावी. नापासाचे कारण ‘ग्राहकास सेवा नाकारण्याचे प्रमाण अतिशय जास्त’ असे दिले आहे.

महोदय, हे कारण शंभर टक्के खरे आहे. सेवा नाकारणे हेच आमचे मुख्य काम आहे. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला काळा कातळ आहे. पावसाळा सरल्यावर त्याच्या दक्षिण अंगाला पाण्याची ओढ बाहेर, खोल समुद्राकडे असते. तिथे लाट फुटत नाही, फेस नसतो, पाणी तळ्यासारखे निवांत दिसते. बाहेरून आलेला माणूस दोन्हीकडच्या लाटा पाहून घाबरतो आणि नेमका त्या निवांत जागी जातो. म्हणून अशा दिवसांत आम्ही फळी देत नाही.

मागच्या वर्षी एक गृहस्थ माझ्यावर खूप ओरडले. सुट्टी घेऊन आलो, पैसे देतो, तुम्ही कोण सांगणारे, वगैरे. मी दिली नाही. संध्याकाळी ते रागारागाने वाळूवर बसलेले असताना एका होडीच्या जाळ्याचा तुटलेला तरंगता डबा त्या निवांत पाण्यात शिरला, आणि त्यांचा चहा संपेपर्यंत तो ठिपका होऊन दिसेनासा झाला. त्यांनी तो पाहिला. मीही पाहिला. मात्र आमच्या दुकानाविषयी त्यांनी मोबाइलवर लिहिलेली तक्रार तशीच राहिली, आणि तीच आपल्या समितीने आमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जोडली आहे.

६. आमच्या जागी काय येणार हे मी नोटिशीवरच्या सुनावणीत विचारले. गुरुग्रामच्या दुकानाचे एक स्वयंचलित कपाट येणार आहे. मोबाइल दाखवला की दार उघडते आणि फळी बाहेर येते. कपाट कोणालाही सेवा नाकारत नाही, याचा उल्लेख विशेष गुण म्हणून केला गेला.

पाणी वाईट असेल त्या दिवशी कोण थांबवणार, असे मी विचारले. कपाटावर हिंदी व इंग्रजीत सूचना असतील आणि कार्यालयीन वेळेत गुरुग्रामचा मदत क्रमांक असेल, असे उत्तर मिळाले. मी तो क्रमांक लावून पाहिला आणि तारवलीला आज पाणी कसे आहे असे विचारले. पलीकडच्या मुलीने जागेवरून उठून बहुधा खिडकीपर्यंत जाऊन पाहिले, कारण थोड्या वेळाने ती म्हणाली, “मॅडम, आसमान साफ है, बस थोडा धुआँ है.”

वाद वाढू नये म्हणून मी तडजोडही सुचवली होती. कपाट खुशाल ठेवा, किल्ली माझ्याकडे द्या. त्यावर, मग ते स्वयंचलित कसे राहील, असा शेरा मारून तो कागद माझ्या फाइलला लावण्यात आला आहे.

७. दुकान गेले तर आमचे हाल होतील, हे ओघाने आलेच. खंडेराव या वयात पुन्हा दुसऱ्याच्या होडीवर जातील, आणि बाहेरच्या मुलींनाही लाटेवर उभे करणारी अक्षता कोळंबी निवडायला बसेल. हे मी सांगते, पण त्यासाठी इतक्या कळवळ्याने लिहिले नसते. दुसऱ्याच एका गोष्टीची मला भीती वाटते, आणि हा अर्ज लिहितानाही ती कमी झालेली नाही.

काल उद्घाटनाची पत्रिका आली. घटस्थापनेच्या दिवशी सायंकाळी कपाटाचे उद्घाटन असून, त्यासाठी दौऱ्याला मंजुरी मिळाली आहे. कपाटातली पहिली फळी आपण घेणार आणि समितीचे प्रमाणपत्रधारक सदस्य आपल्यामागून पाण्यात उतरणार. फोटो नीट यावा म्हणून जागाही ठरली आहे. पत्रिकेत लिहिले आहे : काळ्या कातळालगतचा शांत भाग.

घटस्थापनेला त्या वेळी ओहोटी आहे का भरती, हे पत्रिकेत नाही. मी सांगते, ओहोटी आहे, म्हणजे त्या निवांत पाण्याची बाहेरची ओढ सर्वांत जोराची; आणि तेवढ्यावर न थांबता विनंती करते. आपण गालिच्यावर छान उभे राहिलात. आपण पाण्यात एकदाही उतरलेला नाहीत. माझ्या सहीमुळे आपल्याला हे दोन्ही एकच वाटू लागले असेल, तर त्यात आपला दोष कमी व माझा जास्त आहे.

तरी माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. जागा रिकामी करण्याची नोटीस मागे घ्यावी. गुरुग्रामच्या दुकानाने वाटल्यास आमचे नाव ठेवावे, वाळू ठेवावी, पंखाही ठेवावा, पण कपाट किनाऱ्यावर आणू नये. आम्हाला योजनेतून कायमचे वगळावे आणि कोणतीही मदत देऊ नये. आजवर मदत नव्हती तेव्हा आमच्या किनाऱ्यावरून सगळे घरी गेले आहेत. आणि आपल्या सर्वांच्या प्रमाणपत्रांवरील माझी सही मी आजच्या तारखेपासून मागे घेते. यासाठी मंडळाच्या मंजुरीची गरज असल्यास ती नंतर घेता येईल, सही मात्र आजच निघाली आहे असे समजावे.

घटस्थापनेला आपण तारवलीला अवश्य या. आमचे दुकान जागेवर असेल तर तिथे या आणि फळी मागा. मी देणार नाही. आपण ओळख सांगाल, पद सांगाल, सोबतचे लोक मला समजावतील, तरी देणार नाही. आपण खूप रागवाल. मग अंधार पडल्यावर लक्ष्मीबाई नगरला घरी फोन कराल आणि सांगाल की एवढ्या लांब आलो आणि एका बाईने पाण्यात पाऊलसुद्धा टाकू दिले नाही. तो फोन आपल्याला करता यावा, एवढ्यासाठी आमचे दुकान ठेवा.

आपली नम्र
आणि यापुढे सही जपून करणारी,

(सौ. द्वारका खंडेराव तांडेल)

सोबत :
१) जागा रिकामी करण्याच्या नोटिशीची प्रत.
२) उद्घाटनाची पत्रिका, जागेच्या नावाखाली लाल रेघ मारून.
३) या अर्जाची हिंदी प्रत. ‘ओहोटी’चा अर्थ समासात दिला आहे.