वरच्या शिळेवरची गिधाडं

शबात महिना, नववा दिवस

सकाळी फ्रियाला वरच्या शिळेवर ठेवलं. मी नाही – तिरदात आणि त्याच्या भावानं. प्रेतं वाहणाऱ्यांशिवाय कुणी तिथे पाऊल टाकायचं नाही. मी शेवटच्या पायरीवरून परत फिरलो. अकरा दिवस ताप आणि खोकला. वैद्य खालच्या गावात, आणि गावात गडाला वेढा घालून बसलेले यवन.

तिरदात म्हणाला, "हिवाळ्यात पक्षी उपाशी असतात. दोन दिवसांत मोकळी होईल ती."

एवढंच हवं आहे. पक्ष्यांनी तिला लवकर घ्यावं, चौथ्या दिवशी तिचा जीव सुखानं पलीकडे जावा.

दहावा दिवस

पहाऱ्याचा अहवाल लिहिला. पहारेकऱ्यांनी दिवसभर जे जे पाहिलं ते संध्याकाळी किल्लेदार बगपातांना वाचून दाखवायचं, हे माझं काम. बायको गेली तरी ते चुकत नाही. आज – यवनांच्या छावणीत धूर कमी. खिंडीत नवं बर्फ.

किल्लेदार हसले. "बसू दे त्यांना थंडीत! आपण दोन वर्षं भाकरी खात त्यांची गंमत बघू."

खरंच आहे. तीन बाजूंना तट आणि पहारा. चौथ्या बाजूला वरची शिळा, तिच्या मागे सरळ तुटलेला कडा. तिथे पहारा नाही. मेलेल्यांवर कोण पहारा ठेवणार?

अकरावा दिवस

पक्षी उतरले नाहीत.

दिवसभर पाहत होतो. घिरट्या घालतात, शिळेपर्यंत खाली येतात आणि एकदम उसळून वर जातात.

बारावा दिवस

आज सगळ्यांच्या लक्षात आलं. विहिरीवर बायका वर बघत होत्या. मी गेलो तशा गप्प झाल्या. पापी माणसाला पक्षी शिवत नाहीत, हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "जावईबापू, माझ्या लेकीला गिधाडंसुद्धा तोंड लावेनात. माझ्या घरात असेपर्यंत पोर स्वच्छ होती हो."

पाप असेल तर माझं आहे. शेवटच्या संध्याकाळी ती हाका मारत होती आणि मी हातातला अहवाल पुरा करून मगच उठलो.

आज पहारेकरी शतक म्हणाला, "हेही लिहून घ्या – वरच्या शिळेवर पक्षी उतरत नाहीत."

मी म्हणालो, "मेलेल्यांचं अहवालात काय काम?"

तो हळूच म्हणाला, "बरं. राहू द्या." त्याला माझी कीव आली होती. किल्लेदारांसमोर, शंभर माणसांत फ्रियाचं नाव असं वाचायचं? माझ्या तोंडानं? नाही लिहिलं.

तेरावा दिवस

तिरदातला म्हटलं, एकदा जाऊन बघ.

"आजचा चौथा दिवस सरेपर्यंत आम्हीही जात नाही, मालक. जीव उशाशी बसलेला असतो. त्याला त्रास नको."

मग मीच गेलो. शेवटच्या पायरीपर्यंतच. भर दुपार, वारा पडलेला. आणि वर कुणीतरी खोकलं.

एकदाच. दाबून, कुणाची झोप मोडू नये म्हणून ती खोकायची तसं. तिथेच बसलो. म्हणालो, "फ्रिया, चुकलं माझं. हाक मारलीस तेव्हाच यायला हवं होतं." मग काहीच ऐकू आलं नाही.

कुणाला सांगितलं नाही. भीती वाटते आहे, आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटतं आहे.

अहवालात लिहिलं – वरती सारं शांत.

चौदावा दिवस

गड गेला. एक बाण न सुटता.

उजाडलं तेव्हा वरच्या शिळेवर माणसं उभी. खालच्यांना खूण म्हणून पांढरी फडकी हलवत होती. खालून यवनांचा जल्लोष. आमच्या डोक्यावर माणसं – किती, कळेना. बायकापोरं रडायला लागली. किल्लेदारांनी दार उघडायला सांगितलं.

त्याआधी मला बोलावलं. "काल काय लिहिलंस? वाच."

वाचलं. शतक शेजारीच होता. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. त्यानं बोलायला हवं होतं.

सोळावा दिवस

ते कडा चढणारे आता आमच्याच चुलीपाशी शेकतात. एकाला खोकला आहे. खालच्या गावचा एक दुभाषा त्याच्याबरोबर होता.

यवन म्हणाला, खुंट्या ठोकून, दोर लावून थोडे थोडे चढले. दिवसा मेलेल्यांच्या आड पडून राहायचे. गिधाडं सारखी एका नव्या बाईवर झेपावत होती, ती यांनी हाकलली. "तुझी कुणी असेल तर ऐक," दुभाष्यानं सांगितलं, "तो म्हणतो, आम्ही तिला खाऊ दिलं नाही." आभार मानेन असं त्याला वाटलं असावं.

म्हणजे पक्षी येत होते. सारखे येत होते.

सासूबाईंना सांगायला पळत सुटलो. यवनांनी जाळलेल्या कोठारापाशी शतकनं मला अडवलं. तेव्हा कळलं, मी हसत होतो.