खंडेनवमीचा हार

अंबड, नाशिक
दसरा, २००१

चि. सौ. मनीषास आशीर्वाद.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेला झेंडूचा हार पोचला. आईचा गुडघा कसा आहे?

मालकांनी कारखान्याला लावलेलं टाळं अजून आहे. युनियन सोडल्याची सही करा, मग आत या म्हणतात. अजून कुणी केली नाही. आम्ही गेटवर आळीपाळीनं राखणीला बसतो. तू काळजी करू नको.

काल खंडेनवमी. चौदा वर्षांत माझ्या लेथ मशीनची पूजा कधी चुकली नाही, म्हणून हार घेऊन गेलो. गेटवरचे वॉचमन सलाउद्दीनभाई म्हणाले, "तुम्हाला आत सोडता येत नाही. द्या, मी घालून येतो."

ते लगेच परतले. हार हातातच होता. हळूच म्हणाले, "भारतभाऊ, तिथं मशीनच नाही. नुसते बोल्ट उरलेत." मालकांनी मागच्या गेटनं नेली असणार.

बाकीच्यांना मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर घाबरून निम्मे जण आजच सही करतील. नाही सांगितलं, तर ते कशाची राखण करत बसलेत?

हार माझ्या खोलीच्या दाराला बांधलाय. आईनं विचारलं, तर मशीनला घातला म्हण.

तुझा,
भारत