खांब चारचा फोटो

बाबा, नदीवरच्या जुन्या पुलाची तपासणी माझ्याकडे आली आणि फायलीत तुम्ही काढलेले फोटो निघाले. मागे मुलचेऱ्याच्या आपल्या स्टुडिओचा जांभळा शिक्का, तुमचं नाव. नियम साधा होता: काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खांबाच्या सळ्यांचा फोटो, आणि फोटोत खांबाचा आकडा लिहिलेली पाटी. सुट्टीच्या दिवशी पाटी मी धरायची. फोटोत माझी फक्त बोटं दिसतात.

तीन आणि चार नंबरचे फोटो मी शेजारी ठेवले. दोन्हींत सळ्यांना बांधलेल्या खालून पाचव्या कडीचं टोक तसंच बाहेर वाकलेलं, त्यावरच्या तारेचा पीळही तोच. खांब एकच आहे. एका नजरेत कळलं, तरी तीनदा पाहिलं.

चारचा फोटो काढायचा होता त्या सकाळी मला ताप होता. वाटेत उलट्या झाल्या म्हणून तुम्ही दोनदा स्कूटर थांबवली. आपण पोचतो तेव्हा चार नंबरचं काँक्रीट ओतून झालेलं आहे. ठेकेदाराचा मुनीम हसतो आहे. "भाऊ, तीनचाच अजून एक काढा. लोखंडाले का चेहरा असते, ओळखाले?" तुम्ही बराच वेळ लेन्स पुसता. मग मला म्हणता, "माय, तीन पुस. चार लिही."

"पण बाबा, हा तं तीनच हाय."

"तुले काऊन पाह्यजे? लिही म्हटलं ना!"

एवढ्या मोठ्यानं तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. त्यानंतर मला साइटवर नेलं नाही. मी इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा पाच मीटरचा टेप हातात ठेवलात. "सोता मोजत जाय. कोणी सांगते म्हणून लिहू नको." मला तो उपदेश वाटला. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, हे आता आठवतं.

चारच्या आत काय आहे, कोणालाच माहीत नाही. जड वाहनं काल थांबवली. एस.टी.सुद्धा. माणसं सामान डोक्यावर घेऊन पूल ओलांडताहेत. पुढच्या आठवड्यात खांबाला भोक पाडून नमुना घेऊ.

अहवालात मी सगळं नेमकं लिहिलं: पुरावा अग्राह्य, फोटो दुसऱ्या खांबाचा, छायाचित्रकाराचं नाव. तुमचं नाव टाइप करताना हात थांबला नाही.

पाटीवरचा चार कोणाच्या अक्षरातला आहे, ते मात्र लिहिलं नाही.