दफनाच्या नोंदी कशा शोधायच्या

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं बदललं ते काल, निकिताच्या वडिलांची, नानांची कॉलर धरली तेव्हा. सायखेड्यात, त्यांच्याच ओट्यावर. लग्नाचं बोलायला गेलो होतो. चहा अर्धा प्यायलो होतो.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कालेज सोडलं. आता चर्चच्या कब्रस्तानाचे कागद चाळतो. बरं. अन् उद्या माझी पोरगी मेली तर तिला मातीत गाडशील? आमच्यात गाडत नाय."

"पोरगी मेली तर" — एवढंच डोक्यात गेलं. पुढचं हातानेच केलं.

निकिता मधे आली. "सनी, हात काढ. आणि जा."

आलो. काही वाटत नाहीये.

४ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. मम्मीने मटण केलं होतं. "कसं झालंय?" "बरं." जेवलो असणार, ताट रिकामं होतं.

५ फेब्रुवारी

चर्चच्या पाळकसाहेबांनी आठवण करून दिली — रविवारी संध्याकाळचं ऑनलाइन भाषण. आपल्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांचा ग्रुप आहे. पुण्या-मुंबईचे लोक, काही कॅनडाचे. चर्चच्या दफन रजिस्टरांचे फोटो मी काढले, नावांची यादी मी केली, म्हणून बोलायचं मी.

म्हटलं, कमिटीतल्या कुणाला तरी द्या.

"कमिटीत कुणी ती रजिस्टरं उघडलीत? तूच बोल. आणि कुणी उलटसुलट विचारलं, तर तिथे कॉलर नसते धरायला."

म्हणजे कळलंय. नाशिक म्हणायला शहर.

भाषणाची लिंक निकिताला मागेच पाठवली होती. "पहिल्या रांगेत बसेन," म्हणाली होती. ऑनलाइनला कसली आलीय रांग.

७ फेब्रुवारी

स्लाइडा केल्या. अकाउंट्सच्या पेपरलाही इतकं बसलो नव्हतो. बसलो असतो तर पास झालो असतो, सरांशी भांडलो नसतो, वगैरे. मम्मीचं हे रोजचं आहे. आज तिच्याआधी मीच म्हणून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं.

सुरुवातीलाच दिसलं, खाली कोपऱ्यात काळा चौकोन, त्यावर नाव — निकिता. कॅमेरा बंद, माइक बंद. तासभर मी त्या चौकोनाशीच बोलत होतो. बाकीचे असतील तिथे.

सांगितलं की दगडावर विसंबू नका. घरातलं दुसरं माणूस गेलं की तीच कबर उघडतात, जागा कमी आहे. मग दगडावर बऱ्याचदा शेवटच्याचंच नाव राहतं. रजिस्टरात दोघंही सापडतात, पण दफनाच्या तारखेला, मृत्यूच्या नाही. आणि बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ नावाने शोधू नका. नावच नसतं. 'अमक्याचे मूल, वय चार दिवस' एवढंच असतं. बापाच्या नावावर शोधा.

मग प्रश्न. कॅनडाच्या एका काकांना पणजोबांच्या पानाचा फोटो हवा होता. पाठवतो म्हटलं. तेवढ्यात निकिताच्या चौकोनावर हात वर झाला. काकांचा पत्ता लिहून घेत होतो, तो अर्धाच राहिला. एवढं झालं खरं.

माइक सुरू झाला. मागे पाण्याची मोटर चालू होती. आवाज तिचा नव्हता.

"हॅलो. येतोय का आवाज? आमच्यात... म्हंजे आमच्यात मोठं माणूस जाळतात. पण लहान लेकरू जाळत नाय, पुरतात. तर त्याची नोंद कुठं सापडंल?"

नाना.

सांगितलं, ग्रामपंचायतीत बघा. पण बाळ घरीच जन्मलं असेल, बारशाआधीच गेलं असेल, तर बहुतेक कुणी लिहिलेलं नसतं.

"म्हंजे कुठंच नाय?"

"नाही, नाना."

सगळ्यांसमोर नाना म्हणून गेलो.

"बरं. जागा ठाऊक हाय मला. मीच पुरलं. लिहिलेलं कुठं हाय का, तेवढं बघत होतो."

चौकोन गेला. कॅनडाचे काका म्हणाले, छान माहिती दिलीत.

१० फेब्रुवारी

निकिताचा फोन आला. तिच्या मोबाइलवरून नानांनी भाषण ऐकलं, ती मळ्यात होती. तिच्याआधी एक मुलगा झाला होता, हे तिलाही काल कळलं. आईने सांगितलं. नदीकडच्या बांधाला पुरलंय. तिथून रस्ता रुंद होतोय, परवा जेसीबी येणार.

"नाना जेवत नाहीयेत," म्हणाली.

मी हं म्हटलं. आठवडाभर याच आवाजाची वाट बघितली होती. आणि हं म्हटलं.

११ फेब्रुवारी

आज नानांचा स्वतःचा फोन.

"कॉलरचं राहू दे. मीबी नको ते बोललो." मग, "तुमच्या तिथं त्याला जागा मिळंल का? उरलं काय असणार, मूठभर मातीच. पण तुमच्यात लिहून ठेवतात."

पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नियमात बसत नाही, सनी."

मागच्या आठवड्यात मी टेबल उलटवलं असतं. आज नुसता समोर बसून राहिलो. उठलोच नाही.

शेवटी त्यांनीच विचारलं, "बाळाचं नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"मग बापाचं पूर्ण नाव सांग."

१२ फेब्रुवारी, सकाळ

निकिताचा फोन. नाना कुदळ घेऊन बांधावर बसलेत. जेसीबीवाला थांबलाय, पण दुपारपर्यंतच. नानांना खणवत नाही. "सनीला बोलव," म्हणाले, "त्याला खणू दे."

मम्मीने धुतलेला पांढरा रुमाल दिला, माती बांधायला. कुणाची, ते तिने विचारलं नाही. मला आत्ता रडू येतंय, आणि बस चुकेल.

दार ओढून घेतो आणि निघतो.