दोन आगींचे कागद

१७ नोव्हेंबर १९५८, नंदुरबार
पोलीस जमादार आज कोर्टात माझ्या कारकुनी टेबलाशी येऊन गोड बोलला. चहा पाजला. हा माणूस फुकट पाजत नाही. शेवटी निघालं ते हे: मिरचीच्या पथारीवर परवा आग लागली, झिनी नावाची भिल्लाची पोर धरली आहे. वय चौदा. सुनावणीत दुभाषी म्हणून मी उभं राहायचं. धडगावला चार वर्षं काढली, भिली येते, हे ह्याला कोणी सांगितलं?

१८ नोव्हें.
पथारीवर जाऊन आलो. उघड्या रानात मिरची वाळत घातलेली, कडेला देठं खुडणाऱ्या बायांच्या झोपड्या. झिनी शेजारच्या चुलीतला विस्तव खापरीत घेऊन आपल्या चुलीकडे चालली होती. वारा. ठिणगी पोत्यांवर. तीन पोती करपली, बस्स. जमादाराच्या कागदावर मात्र 'जाणूनबुजून', वर 'चोरी लपवण्यासाठी'. कसली चोरी? मुकादमच म्हणतो, एक मिरची कमी नाही.

दिवाळीत ह्याच पथारीचा मालक असलेल्या अडत्याच्या पुतण्याने फटाक्याने शेजाऱ्याची अख्खी कडब्याची गंजी जाळली. सतरा वर्षांचा घोडा. दोन दिवसांत मिटलं. तो कागद मीच लिहिला: 'अजाणतेपणी घडले, सबब दप्तरी दाखल.' लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही.

२० नोव्हें.
चौकीत झिनी आणि तिचा बाप. विचारलं, कबूल का केलं? बाप म्हणाला, "मन्ही पोरना हाततून व्हयनं, मंग नही कसं म्हनानं? पंच दंड सांगतीन, आम्ही देसूत."
धडगावकडच्या भिलांची रीतच ती. चुकला तो स्वतः उठून सांगतो, पंच दंड बोलतात, सगळे एकत्र जेवतात. विषय संपला. नाकारणं हीच लाज. झिनीला वाटतंय, कोर्टातले साहेब म्हणजे पंच. तिथे 'हो' म्हणाली की थेट सुधारगृह, किती वर्षं कोण जाणे. जमादाराला हे पक्कं ठाऊक असणार. म्हणून एवढी घाई...

२१ नोव्हें.
स्वयंपाकघरात मिरचीचं पोतं. सौ.ला विचारलं, कुठून आलं?
"दिवाळीनंतर अडत्याना माणूस टाकी गया. मले वाटनं, तुम्हीनच मांगाडं व्हई."
मी कशाला मागवतो! गंजीच्या कागदाची ही बक्षिसी. म्हणजे आठ दिवस ह्याच मिरचीचा ठेचा चापतोय. शी. सौ. म्हणते, परत धाडा. आता धाडलं तर...

२४ नोव्हें.
सुनावणी. साहेब: गुन्हा कबूल? मी भिलीत विचारलं. झिनी ताठ उभी राहिली, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, दंड बोला.
मी रीत सांगायला लागलो. साहेब म्हणाले, "भाषण नको. हो की नाही?"
जमादार माझ्याकडेच बघत होता. म्हणालो, "जाणूनबुजून केलं का, असं विचारत असाल तर नाही. आणि साहेब, गंजीच्या आगीचा कागदही एकदा बघावा." निघून गेलं तोंडातून!
साहेबांनी चष्मा काढला. परवा दोन्ही कागद समोर हवेत म्हणाले.
मला वाटलं, बाप हात जोडेल. कसलं काय. 'नाही' एवढं झिनीला कळलं होतं. बाहेर भिलीत म्हणाली, मी हो म्हटलं, तू मला खोटं का पाडलंस? बापाने माझ्याकडे पाहिलंही नाही. फार लागलं.

२५ नोव्हें.
गंजीचा कागद जागेवर आहे. दोनदा पाहिला. अक्षर माझं, चांगलं वळणदार. दप्तराची किल्लीही माझ्याचकडे. एक कागद हरवला तर कोणाला कळणार? हा विचार जमादाराने घातलेला नाही, माझाच आहे. किल्ली सौ.कडे देऊन टाकली.
संध्याकाळी जमादार वाटेत भेटला. "काय भाऊसाहेब, मिरची तिखट निघाली का?"
पोतं ओसरीवर काढून बांधलंय. वरून थोडं कमी दिसतं. कागदाबरोबर तेही साहेबांपुढे न्यायचं, असं सौ.ला बोलून बसलोय. सकाळी दहाला हमाल येईल. तोवर माझं मन टिकलं पाहिजे.