वेशीबाहेरून सिद्रामला

चि. सिद्राम,

आशीर्वाद. हे पत्र टाकू कुठं? पुण्यातली खोली तू सोडलीस, आणि रस्त्याला पत्ता नसतो.

काल फोनवर म्हणालास, "आक्का, खोलीतच हाय. ठेकेदार दोन्ही टायमाला जेवाण देतुय." ठेकेदार एवढा दानशूर कधी झाला, हे मी विचारलं नाही. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि तुझी रेश्मा "पाय लई सुजलं" म्हणत होती. मला काळजी नको म्हणून तू खोटं बोललास. मीही गावातलं काही सांगितलं नाही.

कोरोनाच्या भीतीनं गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्यात. बाहेरून येणाऱ्याला बंदी. तुम्हा दोघांसाठी शाळेची एक खोली उघडा, म्हणून मी सरपंचाला विनवलं. रावजी म्हणाला, "आक्का, नियम सगळ्यास्नी सारखाच हाय."

"व्हय की. म्हणून तर परवा तुमचा जावई मोटारीतनं आला, तवा काट्यांनी स्वतःच वाट दिली!"

रावजीला एकदम मास्क नाकावर घ्यायचं सुचलं. शाळेचं कुलूप मात्र तसंच राहिलं.

म्हणून आज सकाळी भाकरी आणि पाण्याची घागर घेऊन मीच फांद्या ओलांडून बाहेर आले. रावजी आतून ओरडला, "आता तुला बी गावात घेता यायचं न्हाय!"

म्हटलं, "मग दोन खोल्या उघडा."

तो तरातरा गेलाय. किल्ली आणायला की पोलीस आणायला, ते कळेलच. तू काटे बघून मागं फिरू नकोस. त्यांच्या अलीकडं, तुझ्या बाजूला, मी बसले आहे.

तुझी,
नागूआक्का