शुक्रवारचा वास

शुक्र., ७ नोव्हें.
संध्याकाळी पुन्हा तोच वास. चिऊला खोकल्याची उबळ. डॉ.कडे नेऊन वाफ दिली. नात चार वर्षांची, तोंडावर मास्क, डोळे एवढाले. मला बघवेना. हे भिंतीपलीकडच्या कंपनीकडे तोंड करून ओरडत होते, "गॅस सोरतान, चोर!" नंतर ह्यांनाही उलटी झाली. ती मात्र माझ्या बोंबलांमुळे, म्हणे.

रवि., ९
ओट्यावर गावाच्या वासविरोधी समितीची बैठक. हे अध्यक्ष. कंपनीत उभी हयात काढली, त्यामुळे गॅसमधलं ह्यांना सगळं कळतं असं सगळ्या मोरिवली गावाला वाटतं. ह्यांनाही वाटतं. चहा तीनदा झाला, समितीत माझं नाव नाही.
नीलेश आणि सूनबाई प्रणाली बदलापूरला फ्लॅट बघून आले. चौथा मजला, लिफ्ट. "चिऊसाठी बघतोय गं आई." सून वाईट नाही हीच पंचाईत, भांडता तरी आलं असतं. चिऊ गेली तर ह्या घरात आम्ही दोघं आणि टीव्ही.

शुक्र., १४
वास. उबळ. बालदिनाला चिऊ शाळेत वांगं झाली होती, त्या जांभळ्या फ्रॉकातच खोकत बसली.
हे कंपनीच्या गेटवर भांडायला गेले. वॉचमन म्हणाला, "काका, आज शुक्रवार है. सब कंपनी बंद. अंदर मैं और कुत्ता." हे विजयी होऊन परत. "बघ! बंद दाखवून चोरून चालवतान!"
मी भाकरी थापता थापता थांबले. शुक्रवारी कंपन्या बंद. आणि वास दर शुक्रवारीच. मोरीत ह्यांचा, मागच्या वांग्यांच्या वाडीत मारायचा, फवारणीचा पंप धुऊन पालथा घातलेला...

शनि., १५
आडून विचारलं, वांग्यांवर औषध शुक्रवारीच का मारता?
"शुक्रवारी हवा चोख असते, येडे!"
म्हणजे कंपन्यांचा धूर पिकाला लागू नये म्हणून! पदर तोंडात कोंबून हसले. मग हसू गेलं. वारा वाडीकडून घराकडे येतो आणि पहिली खिडकी चिऊची. औषध उल्हासनगरच्या शेठने "कडक माल है चाचा" म्हणून दिलेलं. डब्यावर पंपाला एक झाकण लिहिलंय, पण ह्यांचा हात सढळ.

गुरु., २०
समितीच्या अर्जावरून प्रदूषणवाल्या ऑफिसचा साहेब आला. हुंगून म्हणाला, "आज तर काही नाही."
हे म्हणाले, "उद्या या! शुक्रवारी!"
"शुक्रवारी कंपन्या बंद असतात, काका."
"तेच तर!"
जेवताना सांगून टाकलं, "अहो, तो वास तुमच्याच औषधाचा आहे."
"मना शिकवतेस? औषध आनि गॅस मना कलत नाय?" ताटावरून उठले.
रिटायर झाल्यापासून हा माणूस काय तो त्या वाडीतच हसतो. ते कसं मोडू? आणि नाही मोडलं तर चिऊ...

शुक्र., २१
साहेब मशीन घेऊन हजर. मागे समिती. आणि अध्यक्ष? वाडीत. उघड्या अंगाने, पाठीवर पंप, भोवती औषधाचं धुकं. आतून हात हलवून बोलावतायत, "या साहेब, या! बघा, आला वास!"
साहेब शिंकला. समिती शिंकली. मग साहेब अगदी हळू म्हणाला, "काका, हे काय मारताय?"
कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. खिडकीत प्रणाली चिऊला कडेवर घेऊन उभी. हे तिच्याकडे बघतच राहिले. जेवले नाहीत. जीव तुटला नुसता.

सोम., २४
आज खरोखरच कंपनीचा वास आला. डोळे चुरचुरले. सगळा गाव बाहेर आला आणि सगळ्यांनी आमच्या वांग्यांकडे पाहिलं.
हे ओट्यावरून ओरडले, "आज मी नाय!"
पण तक्रार करायला जाणार कोण? समितीला तोंड राहिलं नाही. कंपनीचं फावलं.

शुक्र., २८
पंप माळ्यावर. वांग्यांवर मावा चढलाय. हे फडकं घेऊन एकेक पान पुसत बसतात. चिऊ आज खोकली नाही. म्हणजे खोकली, पण थोडी.
फ्लॅटचं टोकन रविवारी द्यायचं ठरलंय. सुनेशी कधी सरळ न बोलणारे हे आज दारात येऊन म्हणाले, "सूनबाय, त्या फ्लॅटच्या मागं काय हाय?"
"मळे आहेत बाबा, भाजीचे. पार नदीपर्यंत. म्हणूनच तर घेतोय, मोकळी हवा."
ह्यांनी हातातलं फडकं झटकलं. मग, "वारा कुठून असतो तिकरं?"
प्रणालीने नीलेशकडे पाहिलं. नीलेशने फोनकडे.
आता टोकनच्या आधी उद्या संध्याकाळी सगळ्यांनी तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं ठरलंय. चिऊला आणू नका, म्हणाले.